ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी : साध्या शब्दांचे आडवे अर्थ शोधायचे तर हीच

इंग्लिश वाचताना गाडी अडते ती अवघड शब्दांवर नाही, कोल्ड, हेड, फिशी असल्या साध्या शब्दांवर, कारण ते येतात असं वाटतं म्हणून कुणी डिक्शनरी उघडतच नाही. फार तर भाषांतराचं ॲप, आणि ते कोल्ड फीटचं सरळ "थंड पाय" करून मोकळं (अर्थ आहे ऐनवेळी कच खाणं, पायांचा काय संबंध!). ह्या कामाला मला तरी ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी सगळ्यात भारी वाटते, आणि वेबसाइटवर फुकट आहे. हॉर्नबी नावाचे इंग्लिशचे शिक्षक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी जपानमध्ये इंग्लिश शिकवता शिकवता ही तयार केली, 1942 ला पहिल्यांदा तिथेच छापली गेली, त्यामुळे ज्याची भाषा इंग्लिश नाही तो नेमका कुठे अडकेल हे धरूनच लिहिलीये.

शब्द लाक्षणिक अर्थाने आला की उदाहरणाच्या आधी कंसात "फिगरेटिव्ह" लिहिलेलं दिसतं. पण नुसता तो शिक्का शोधत बसू नका हां. एखादा अर्थ इतका रुळतो की त्यात उपमा आहे हेच कुणाला जाणवत नाही, मग शिक्का जातो आणि त्याला स्वतःचा नंबर मिळतो, म्हणजे ग्रास्प हा आधी हाताने घट्ट पकडणं आणि खाली वेगळ्या नंबरला नीट समजणं, कोल्ड आधी थंड आणि खाली तुटक वागणारा माणूस. पहिला अर्थ वाचून टॅब बंद केलात तर हाती काही लागणार नाही, खाली स्क्रोल कराच. हेडसारख्या लांबलचक नोंदीत छोटे मथळे दिलेत, वाक्प्रचार शेवटी एकत्र मिळतात.

इनफॉर्मल (बोलीतला), डिसॲप्रूव्हिंग (नापसंती दाखवणारा) हे शिक्केही वाचा. फिशी म्हणजे संशयास्पद, मित्राशी बोलताना मस्त, ऑफिसच्या मेलमध्ये नको.

कमी काय, तर अर्थ असा का वळला ते इथे थोडक्यातच दिलेलं असतं. ब्रॉडकास्ट म्हणजे मुळात हाताने बी फेकून पेरणं, रेडिओ नंतर आला, असल्या गोष्टी सविस्तर हव्या तर ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी (शब्द कुठून आला ते सांगणारी) बघा, तीही फुकट. आणि इथे सगळं इंग्लिशमधून इंग्लिशच आहे, त्यामुळे अगदीच नवशिक्याला जड जाईल. पाचपैकी चार स्टार.