पोचपावती म्हणून सही घेतली आणि पात्रच काढून घेतलं

मुलांसाठी शैक्षणिक साहित्य काढणाऱ्या एका कंपनीने माझ्याकडून एका पुस्तकाची चित्रं करून घेतली आणि त्या एवढ्याशा कामाच्या जोरावर त्यातलं पात्रच स्वतःच्या मालकीचं करून टाकलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. पण त्यांनी हे कसं केलं ते सविस्तर लिहिते, कारण माझ्या ओळखीतल्या इतर चित्रकारांनाही अगदी तसाच कागद आलेला आहे.

पात्र म्हणजे खारीचं एक पिल्लू. तोंडापेक्षा मोठा गोल चष्मा, तो सतत नाकावरून घसरतोय आणि पिल्लू तो पुढच्या दोन पायांनी सावरतंय. गोष्ट लेखिकेची, पण चष्मा, ती सावरण्याची लकब आणि शेपटीची वेडीवाकडी रेघ माझी. ईमेलवर ठरलं होतं ते स्पष्ट होतं: एक पुस्तक, छापील, पहिली आवृत्ती. अर्धे पैसे आधी, उरलेले फायनल फाइल्स दिल्यावर.

फाइल्स गेल्या आणि पैसे अडकले. ‘अकाउंट्सला पाठवलंय’, ‘सही व्हायची आहे’, ‘पुढच्या महिन्यात नक्की’. असं बरंच रखडवल्यावर ‘पेमेंट पोचपावती’ नावाची पीडीएफ आली. सोबत फोन : “मॅडम, एवढी सही करून पाठवा, आजच रिलीज करतो. ऑडिटला लागते, बाकी काही नाही.” पहिल्या पानावर माझं नाव, रक्कम, बँकेचा तपशील. दुसऱ्या पानावर कराच्या कलमांखाली, त्याच बारीक टायपात, एक लांबलचक वाक्य : सदर मोबदल्यात चित्रे, त्यांतील पात्रे व त्यांची सर्व रूपांतरे यांवरील सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, संपूर्ण जगाकरिता, कायमस्वरूपी कंपनीकडे हस्तांतरित करण्यात येत आहेत. मी पैसे मिळाल्याची पोच देते आहे असं सांगून माझ्याकडून हक्कांचं खरेदीखत करून घेतलं होतं. तेही माझ्याच कष्टाचे पैसे अडवून धरून.

काही काळाने मला तेच पिल्लू दप्तरावर दिसलं. मग स्टिकरवर, मग एका अ‍ॅपमध्ये. माझं नाव कुठेच नाही. आणि चष्मा काढून टाकलेला! चष्मा नसेल तर त्या पिल्लाची गोष्टच उरत नाही. त्याला लांबचं दिसत नाही म्हणून तर ते वाट चुकतं. फोन केला तर तीन उत्तरं मिळाली. तिन्ही सर्रास दिली जातात, म्हणून ती नीट पाहू.

पहिलं : “आम्ही पैसे दिलेत, म्हणजे चित्रं आमची.” नाही. चित्राचा कागद किंवा फाइल हातात असणं वेगळं आणि त्यावरचा कॉपीराइट वेगळा. मूळ चित्र विकत घेतलं तरी त्याच्या प्रती काढण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. घर भाड्याने देणं आणि घर विकणं यात जो फरक, तोच परवाना देणं आणि हक्क हस्तांतरित करणं यात. भाडेकरूने पैसे भरले म्हणून सातबारा त्याच्या नावावर होत नाही. बहुतेक देशांत हस्तांतरणाला लेखी कागद आणि सही लागतेच, म्हणून तर त्यांना ती ‘पोचपावती’ हवी होती. इथे एक सावधगिरी : नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक बहुतेक ठिकाणी मालक कंपनीच असते, आणि ऑर्डर देऊन करून घेतलेल्या काही प्रकारच्या कामांतही काही देशांचे कायदे ऑर्डर देणाऱ्याला मालक धरतात. म्हणून आपल्या देशाचा नियम आधी पाहावा आणि ठरलेलं सगळं लिहून घ्यावं.

दुसरं : “तुम्ही कॉपीराइट रजिस्टर कुठे केलंय?” कॉपीराइटबद्दलच्या बर्न या 1886 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार हा हक्क काम निर्माण झालं की मिळतो, त्यासाठी नोंदणीची अट घालता येत नाही. 180 हून अधिक देश या करारात आहेत. किमान मुदत निर्मात्याच्या हयातीनंतर 50 वर्षं, अनेक देशांत त्याहून जास्त. नोंदणीचा पुरावा म्हणून उपयोग होतो, काही ठिकाणी दावा लावायलाही ती लागते, पण ती नाही म्हणून हक्क नाही हे साफ खोटं. पेटंटचं मात्र नेमकं उलट आहे : अर्ज केल्याशिवाय ते मिळत नाही, आणि अर्जाआधी शोध जगजाहीर केला तर बहुतेक देशांत नावीन्यच गेलं असं धरतात.

तिसरं : “आम्ही तीस टक्के बदल केलाय, आता ते नवीन चित्र.” असा टक्केवारीचा नियम कुठेही नाही. चित्रात फेरफार करून नवी आवृत्ती काढायची तर तो हक्कसुद्धा मूळ निर्मात्याकडेच असतो. ‘चष्मा लावलेली खार’ ही नुसती कल्पना कोणाच्या मालकीची नाही, ती कोणीही काढावी. पण माझी रेघ, माझी शेपटी, तीच लकब उचलली तर ती कल्पना राहत नाही, ती माझी अभिव्यक्ती होते.

सहीचा कागद किती दूरवर जातो याचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असायला हवं. 1938 मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन या पात्राचे हक्क 130 डॉलरला देऊन टाकले. पुढे वर्षानुवर्षं कज्जे चालले. 1975 मध्ये, जनमताच्या दबावाखाली, सुपरमॅनचे हक्क असलेल्या कंपनीने त्यांना वार्षिक मानधन आणि निर्माते म्हणून श्रेय द्यायचं कबूल केलं. तोवर दोघांचीही साठी उलटली होती.

माझ्या वकिलांनी सगळ्यात आधी तारखा मागितल्या आणि तिथेच वाट सापडली. स्टिकर बाजारात आले होते ते माझ्या सहीच्या आधी. म्हणजे त्या काळात कंपनीकडे फक्त ईमेलमधला एका पुस्तकाचा परवाना होता. लेयर्स असलेल्या मूळ फाइल्स, कच्ची स्केचेस, सगळा पत्रव्यवहार मी जपून ठेवला होता, त्यामुळे हे दाखवता आलं. नोटीस गेल्यावर त्या विक्रीची भरपाई मिळाली. दुसरी गोष्ट नैतिक हक्कांची. बर्न करारात 1928 पासून असं आहे की आर्थिक हक्क विकले तरी निर्माता म्हणून नाव मागण्याचा आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशा विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा हक्क निर्मात्याकडे उरतो. काही देशांत तो लेखी सोडून देता येतो. त्यांच्या कागदात तसं काही नव्हतं. आता माझं नाव छापलं जातं आणि चष्मा परत आला आहे. दप्तरांचे आणि अ‍ॅपचे पैसे मात्र गेले.

याहून मोठी काळजी ट्रेडमार्कची आहे. पिल्लाचं नाव आणि चेहरा यांसाठी त्यांनी अर्ज केलाय, हे मला ट्रेडमार्क कार्यालयाच्या जाहीर नोंदीत शोधल्यावर कळलं. कॉपीराइट कधी ना कधी संपतो, ट्रेडमार्क मात्र नूतनीकरण करत राहिलं तर संपतच नाही. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी ठरावीक मुदत असते, तिच्या आत मी हरकत दाखल केली. अर्जाची तारीखही माझ्या सहीच्या आधीची आहे. निकाल यायचाय.

ज्यांना असा कागद येईल त्यांनी पैसे अडकले असले तरी त्यावर सही करू नये. पैसे मिळाल्याची पोच द्यायला ‘रक्कम मिळाली’ एवढी एक ओळ आणि तारीख पुरते. ती स्वतःच्या ईमेलवरून स्वतः लिहून पाठवा. मी आता प्रत्येक इनव्हॉइसवर छापते : हा मोबदला फक्त वर नमूद केलेल्या वापराच्या परवान्यासाठी आहे, परवाना पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच लागू होईल, इतर सर्व हक्क चित्रकाराकडे राखीव. एकदोन गिऱ्हाइकांनी ही ओळ काढायला सांगितली. त्यांचं काम मी घेतलं नाही.