क्यूजीआयएस आणि निर्देशांक पद्धती: कोकण किनाऱ्यावरील कामात दीर्घ वापरानंतरचा अनुभव

क्यूजीआयएस हे नकाशे तयार करण्याचे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर मी गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून जवळजवळ रोज वापरत आहे. राजापूर आणि रत्नागिरी तालुक्यांतील आंबा-काजूच्या बागांचे आराखडे, सड्यांवरील, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांवरील, कातळशिल्पांच्या जागांच्या नोंदी आणि खाडीकाठच्या वस्त्यांचे नकाशे हे माझे काम. सॉफ्टवेअरच्या इतर गुणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे मी एकाच गोष्टीपुरते लिहितो: अक्षांश-रेखांशांची भौगोलिक पद्धती आणि गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवून मीटरमध्ये मोजणारी प्रक्षेपित पद्धती या दोहोंना हे सॉफ्टवेअर कसे हाताळते. माझे मत असे झाले आहे की त्याचे गणित अत्यंत विश्वासार्ह आहे, परंतु सर्वांत घातक चूक होण्याच्या जागीच ते गप्प राहते, आणि ती जागा नवशिक्याला सहजासहजी दिसत नाही.

मोबाइल किंवा जीपीएस यंत्र आपल्याला डब्ल्यूजीएस ८४ या पद्धतीत अंश देते. क्यूजीआयएसमध्ये तिचा संकेतांक ईपीएसजी ४३२६ (ईपीएसजी ही निर्देशांक पद्धतींची क्रमांकवार यादी). अंश हे कोनाचे माप आहे, लांबीचे नव्हे. रत्नागिरीच्या आसपास, म्हणजे १७ उत्तर अक्षांशावर, एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर, तर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०६.५ किलोमीटर. अंश लांबीचे माप नसल्यामुळे अंशांच्या लेयरवर (नकाशाच्या थरावर) थेट काढलेले क्षेत्रफळ ‘चौरस अंशां’त येते आणि एक हेक्टरची बाग सुमारे ०.००००००८५ एवढी दिसते. असे उत्तर समोर आले की कोणीही थबकतो आणि पद्धती तपासतो. क्यूजीआयएसही येथे मदत करते: अंशांच्या लेयरवर बफर (एखाद्या रेषेभोवती ठरावीक अंतराचा पट्टा) काढू लागलो की अंतराच्या चौकटीशेजारी इशाऱ्याचे चिन्ह येते.

खरी अडचण पुढे आहे. तिसऱ्या आवृत्तीपासून क्यूजीआयएस वेगवेगळ्या पद्धतींतील लेयर आपोआप एकमेकांवर बरोबर बसवून दाखवते. ही सोय अप्रतिम आहे आणि तिच्यावाचून माझे काम अशक्य झाले असते. परंतु रिकाम्या प्रोजेक्टमध्ये जी लेयर पहिल्यांदा येते तिचीच पद्धती प्रोजेक्ट स्वीकारतो. बहुतेक जण सुरुवातीला पार्श्वभूमीसाठी उपग्रहचित्र किंवा ओपनस्ट्रीटमॅप घेतात, आणि या चित्रांचे तुकडे (टाइल) ईपीएसजी ३८५७, म्हणजे वेब मर्केटर पद्धतीत असतात. उजवीकडे खाली, स्टेटस बारच्या कोपऱ्यात, हा आकडा लिहिलेला असतो. तो वाचण्याची सवय लागेपर्यंत काम पुष्कळ पुढे गेलेले असते.

वेब मर्केटरचे एकक मीटर म्हणून लिहिले जाते, आणि धोका नेमका त्यातच आहे. हे प्रक्षेपण विषुववृत्तापासून दूर जावे तसतसे सर्व काही ताणत नेते. आपल्या १७ अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंतर सुमारे साडेचार टक्के आणि उत्तर-दक्षिण अंतर सुमारे पाच टक्के वाढते, त्यामुळे क्षेत्रफळ जवळजवळ दहा टक्क्यांनी फुगते. चाळीस गुंठ्यांची बाग चव्वेचाळीस गुंठ्यांच्या आसपास भरते. हा आकडा चौरस अंशांसारखा विचित्र दिसत नाही; तो अगदी पटण्याजोगा दिसतो. कलमांची संख्या, कुंपणाची तार, खतांची मात्रा हे सर्व त्यावर ठरले, तर चूक कागदावर न राहता बागेत उतरते.

बफरचे उदाहरण याहून बोलके आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या चर्चेत भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरचा पट्टा नेहमी येतो. भरतीरेषेची लेयर ३८५७ मध्ये असताना कोणी ५०० मीटरचा बफर काढला, तर आपला किनारा साधारण उत्तर-दक्षिण असल्यामुळे पट्टा पूर्वेकडे सरकतो तो प्रत्यक्षात केवळ ४७८ मीटर. बावीस मीटरांत वाडीतील एखादे घर सहज पट्ट्याच्या आत किंवा बाहेर जाते. अंशांच्या वेळी दिसणारे इशाऱ्याचे चिन्ह येथे मात्र येत नाही, कारण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने एकक मीटरच आहे. ३८५७ वर बफर किंवा क्षेत्रफळ काढताना एक ओळीची सूचना यावी, ही माझी या सॉफ्टवेअरकडून पहिली अपेक्षा आहे. (अर्थात नियमन क्षेत्राची अधिकृत रेषा मंजूर नकाशांवरूनच ठरते, आपण काढलेला पट्टा केवळ अंदाजासाठी असतो.)

क्षेत्रफळाच्या बाबतीत क्यूजीआयएसने दोन वाटा ठेवल्या आहेत आणि त्यांतील फरक प्रत्येकाने समजून घेतलाच पाहिजे. फील्ड कॅल्क्युलेटरमधील ‘$एरिया’ हे प्रोजेक्टमध्ये ठरवलेल्या लंबवर्तुळाभावर, म्हणजे पृथ्वीच्या किंचित चपट्या गणिती आकारावर, क्षेत्र मोजते. त्यामुळे लेयर कोणत्याही पद्धतीत असली तरी उत्तर जमिनीवरील वास्तवाच्या अगदी जवळ येते. डॉलरचिन्हाविना असलेले ‘एरिया’ हे फंक्शन मात्र लेयरच्या स्वतःच्या सपाट निर्देशांकांवर हिशेब करते. मोजपट्टीच्या साधनातही ‘एलिप्सॉइडल’ आणि ‘कार्टेशियन’ असे दोन पर्याय आहेत. एकाच बागेवर दोन्ही चालवून पाहावेत आणि फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, असे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. दुसऱ्या कोणत्याही स्पष्टीकरणाने ही गोष्ट इतकी पक्की होत नाही.

मग कोकणात काम कोणत्या पद्धतीत करावे? माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: यूटीएम ४३ उत्तर, संकेतांक ईपीएसजी ३२६४३. यूटीएममध्ये पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे असतात. ४३ वा पट्टा ७२ ते ७८ पूर्व रेखांशांचा, त्याचा मध्य रेखांश ७५. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा सगळा किनारा या एकाच पट्ट्यात बसतो. मध्य रेखांशावर यूटीएम मुद्दाम ०.९९९६ या गुणकाने अंतरे किंचित आखडते, आणि तेथून सुमारे १८० किलोमीटर दूर गेल्यावर हा गुणक बरोबर एक होतो. रत्नागिरी शहर ७३.३ रेखांशावर, म्हणजे मध्य रेखांशापासून जवळजवळ तेवढ्याच अंतरावर आहे. परिणाम असा की रत्नागिरीत यूटीएमवर मोजलेल्या एका किलोमीटरमध्ये एक-दोन सेंटिमीटरांपलीकडे फरक पडत नाही. दक्षिणेस मालवणला अंतर किलोमीटरमागे सहा-सात सेंटिमीटर कमी भरते, उत्तरेस अलिबागला सुमारे बावीस सेंटिमीटर जास्त. बागेच्या, रस्त्याच्या किंवा गावाच्या नकाशासाठी हे सर्व नगण्य आहे. जगभरासाठी आखलेली एक पद्धती आपल्या किनाऱ्याला इतकी अचूक लागू पडावी, याचा मला आजही आनंद होतो.

ही सोय राज्यभर मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. नागपूर ७९ रेखांशाच्या पूर्वेस असल्यामुळे ४४ व्या पट्ट्यात जाते, आणि संपूर्ण महाराष्ट्राचा नकाशा एका यूटीएम पट्ट्यात नीट बसत नाही. त्यासाठी क्यूजीआयएसच्या यादीत ‘डब्ल्यूजीएस ८४ / महाराष्ट्र’ ही लॅम्बर्ट प्रक्षेपणाची पद्धती ईपीएसजी ७७६७ या संकेतांकाने तयार मिळते. राज्यस्तरीय नकाशासाठी ती उत्तम आहे.

आता ज्या एका गोंधळाविषयी मला सर्वाधिक प्रश्न येतात, त्याकडे वळतो. क्यूजीआयएसमध्ये लेयरवर उजवी कळ दाबली की ‘सेट लेयर सीआरएस’ (सीआरएस म्हणजे निर्देशांक पद्धती) असा पर्याय मिळतो, आणि प्रोसेसिंग साधनांत ‘रिप्रोजेक्ट लेयर’ असे वेगळे साधन आहे. पहिला पर्याय म्हणजे बरणीवरची चिठ्ठी बदलणे. आतील आकडे जसेच्या तसे राहतात. दुसरे साधन प्रत्येक बिंदूचे आकडे नव्याने मोजून नवी लेयर तयार करते. अंशांतील लेयर मीटरमध्ये आणायची असताना पहिला पर्याय वापरला, तर रत्नागिरीचे ७३.३ आणि १७ हे आकडे मीटर म्हणून वाचले जातात आणि गाव यूटीएम ४३ निवडल्यास हिंदी महासागरात, तर वेब मर्केटर निवडल्यास आफ्रिकेच्या पश्चिमेकडील गिनीच्या आखातात जाऊन पडते. याउलट ज्या लेयरला पद्धतीची माहितीच नाही, तिच्यासाठी पहिलाच पर्याय योग्य. एका कार्यालयाकडून मला आलेल्या शेपफाइलसोबत (नकाशाच्या माहितीच्या फाइलसोबत) पद्धती सांगणारी ‘पीआरजे’ ही छोटी फाइल नव्हती; अशा वेळी क्यूजीआयएस लेयरच्या नावाशेजारी प्रश्नचिन्ह दाखवते आणि कोणतीही पद्धती परस्पर गृहीत धरत नाही. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. आकडे सहा-सात अंकी असतील तर बहुधा यूटीएम, दोन अंकी असतील तर अंश, एवढ्या निरीक्षणावरूनही पहिला तर्क करता येतो. त्यानंतर ज्ञात ठिकाणावर ताडून पाहणे अनिवार्य.

जुन्या टोपोशीटच्या, म्हणजे छापील स्थलदर्शक नकाशांच्या, बाबतीत सॉफ्टवेअरची खरी ताकद कळते. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी पत्रके डब्ल्यूजीएस ८४ वर नसून एव्हरेस्ट लंबवर्तुळाभावर आणि कल्याणपूर डेटमवर (मोजणीच्या मूळ आधारावर) आधारलेली आहेत. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सुरू केलेल्या आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्टने चालवलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा वारसा. राजापूर परिसराचे ४७ एच मालिकेतील पत्रक स्कॅन करून, त्याच्या कोपऱ्यांवरील अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ चे समजून बसवले, तर सगळा नकाशा शंभर मीटरहून अधिक सरकतो. कशेळीच्या सड्यावरील हत्तीचे कातळशिल्प सुमारे १८ मीटर लांबीचे आहे. एवढ्या सरकण्याने ते शेजारच्या गटातही दाखवले जाईल. कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आलेली असताना त्यांच्या नोंदी अशा ढिल्या राहू नयेत, असे मला मनापासून वाटते.

योग्य मार्ग असा की जिओरेफरन्सर या, स्कॅन केलेला नकाशा खऱ्या जागी बसवणाऱ्या, साधनात पत्रकाची पद्धती ‘कल्याणपूर १९७५’ निवडावी आणि पुढील रूपांतर सॉफ्टवेअरवर सोपवावे. एकाहून अधिक सूत्रे उपलब्ध असतील तेव्हा क्यूजीआयएस एक खिडकी उघडून प्रत्येक सूत्राची अपेक्षित अचूकता आणि लागू प्रदेश दाखवते. भारतासाठीचे नेहमीचे तीन आकड्यांचे सूत्र वीस मीटरांच्या आसपासची अनिश्चितता बाळगते. शंभरावरून विसावर येणे ही मोठी सुधारणा आहे, तरी जुन्या पत्रकावरून बागेची हद्द ठरवू नये, हेही त्यातूनच स्पष्ट होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरची ओपन सिरीज पत्रके डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवर असल्यामुळे तेथे हा प्रश्न उरत नाही.

गावनकाशे आणि गटनकाशे यांची जात वेगळी. ते ३३ फुटांच्या साखळीने जमिनीवर मोजून काढलेले आहेत. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. त्यांना कोणतीच निर्देशांक पद्धती नाही, त्यामुळे विहीर, मंदिर, पाणंदीचा तिठा, बांधाचा कोपरा असे आजही जागेवर असलेले बिंदू जीपीएसने घेऊन नकाशा ३२६४३ मध्ये बसवावा लागतो. जिओरेफरन्सर प्रत्येक बिंदूवरील चूक आकड्यात दाखवते आणि कोणता बिंदू फसवा आहे हे लगेच कळते. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख विभागाची मोजणीच ग्राह्य, हे मी प्रत्येक बागायतदाराला आधी सांगतो.

काही गोष्टी थोडक्यात. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकड्यांचे तक्ते) घेताना एक्सच्या जागी रेखांश आणि वायच्या जागी अक्षांश द्यावा. उलट दिल्यास राजापूर नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात दिसते. १६ अंश ५९ मिनिटे म्हणजे १६.५९ नव्हे, १६.९८; या एका घोटाळ्यात बिंदू चाळीस किलोमीटरांहून अधिक सरकतो. जीपीएसची लंबवर्तुळाभावरील उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत आपल्या किनाऱ्यावर पन्नास मीटरांहून अधिक फरक असतो, त्यामुळे पुळणीवर उणे आकडा आला तर यंत्र बिघडलेले नसते. नव्या आवृत्त्या ४३२६ च्या लेयरवर ‘दोन मीटरांपलीकडे भरवसा नाही’ अशा अर्थाची सूचना देतात. मोबाइलने केलेल्या कामाला ती मर्यादा पुरेशी आहे.

शेवटी छपाईविषयी. यूटीएममधील नकाशाची उभी रेषा आणि खरी उत्तर दिशा यांत रत्नागिरीजवळ सुमारे अर्ध्या अंशाचा फरक असतो, म्हणजे एका किलोमीटरवर जवळजवळ नऊ मीटर. प्रिंट लेआउटमध्ये उत्तरबाणासाठी ‘ग्रिड नॉर्थ’ आणि ‘ट्रू नॉर्थ’ असे दोन्ही पर्याय आहेत. सड्यावर नकाशा हातात घेऊन दिशा लावायची असेल तर दुसरा निवडावा. हे सर्व दरवेळी नव्याने ठरवावे लागू नये म्हणून मी ३२६४३ पद्धती, डब्ल्यूजीएस ८४ लंबवर्तुळाभ, क्षेत्रफळासाठी हेक्टर आणि खऱ्या उत्तरेचा बाण असलेला एक रिकामा प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून जतन केला आहे, आणि पार्श्वभूमीचे उपग्रहचित्र त्यात नेहमी नंतर जोडतो.