चार काचांची डबी आणि टाचणीची शेपटी

क्लोजअप फिल्टरची ही डबी साडेसातशे रुपयांना मिळते आणि आत चार काचा असतात. चतुर आणि टाचण्या (चतुरांची पाण्याकाठी उडणारी, सुईसारखी बारीक भावंडं) यांचे फोटो काढायच्या कामाला त्यातली एकच येते, पण तेवढ्या एकीसाठीही साडेसातशे मला जास्त वाटत नाहीत. घाईत असलेल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

वस्तू म्हणजे क्लोजअप फिल्टरचा संच. कॅमेऱ्याच्या लेन्सच्या तोंडावर आट्यांनी बसवायच्या गोल काचा. डबीवर कंपनीचं नाव नाही, नुसते आकडे छापलेत: +१, +२, +४, +१० आणि लेन्सच्या तोंडाचं माप ५८ मिमी. जळगावला गोलाणी मार्केटात घेतली. मला सुटी +२ च हवी होती. दुकानदार म्हणाला, "सुटी नाही येत भाऊ. डबीच घ्या, +१० बी आहे तिच्यात." त्या +१० चं काय झालं ते पुढे येईलच.

माझा कॅमेरा जुना, क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आतली फोटो टिपणारी पट्टी लहान असलेला, आणि त्यावर ५५-२५० मिमीची झूम लेन्स. नोकरी भुसावळला रेल्वेत, पाळीची. सकाळ मोकळी मिळाली की हतनूर धरणाच्या फुगवट्यावर जातो, जास्त वेळ असला तर पाल गावाच्या बाजूला सुकी नावाच्या नदीवर. हतनूरला पक्षी बघायला येणारे पुष्कळ, त्यामुळे मोठी लेन्स लावलेला माणूस तिथल्या लोकांना नवा नाही. पण तोच माणूस गुडघे टेकून पाणगवतात तोंड घालतो तेव्हा मासेमारीवाले विचारतात, "काय शोधून राह्यले भाऊ? मासे तर तिकडे."

आता काचांचं गणित. हे आकडे चष्म्याच्या नंबराचेच, डायॉप्टरचे. लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला, तर १०० ला काचेच्या नंबरानं भागायचं, जे उत्तर येईल तेवढ्या सेंटिमीटरवर वस्तू स्पष्ट दिसते. म्हणजे +१ ला एक मीटर, +२ ला पन्नास सेंटिमीटर, +४ ला पंचवीस आणि +१० ला जेमतेम दहा. लेन्सचा फोकस जवळ आणला की हे अंतर आणखी कमी होतं. त्या पलीकडचं मात्र सगळं धूसर. समोरच्या बोरूवर अचानक चांगला चतुर येऊन बसला, तर काच काढल्याशिवाय त्याचा फोटो मिळत नाही.

+१ निकालात निघते ती इथेच. माझी लेन्स मुळातच मीटरभरावर फोकस होते, त्या अंतरावर काच लावून हाती काही लागत नाही. +१० साठी कॅमेरा दहा सेंटिमीटरवर न्यावा लागतो. तोवर तुमचीच सावली टाचणीवर पडलेली असते आणि टाचणी पुढच्या पानावर गेलेली असते. पहाटेच्या गारव्यात गारठलेली एखादी सापडली तर डोळ्यांची जाळी दिसण्याइतका जवळचा फोटो येतो. दिसतो झकास. त्यावरून जात मात्र ओळखता येत नाही.

राहिल्या +२ आणि +४. लेन्स २५० वर आणि फोकस अनंतावर असताना +२ लावली, तर सेन्सरवर वस्तूची प्रतिमा तिच्या निम्म्या आकाराची पडते, म्हणजे आडव्या चौकटीत साधारण साडेचार सेंटिमीटरचा तुकडा मावतो. आपल्याकडच्या बहुतेक टाचण्या दोन ते चार सेंटिमीटरच्या, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खी टाचणी चौकटीत बसते आणि तरी शेपटीचं टोक वाचता येतं. अर्ध्या मीटरवर हळू सरकत गेलं तर टाचणी सहसा उडत नाही. ॲग्रिऑक्नेमिस पिग्मिया ही जेमतेम दोन सेंटिमीटरची, गवताच्या बुडाशी वावरणारी टाचणी. पूर्वी माझ्या फोटोत ती हिरवट रेघ म्हणून यायची, आता नराच्या शेपटीचं विटकरी टोक स्पष्ट येतं. +४ चं अंतरही एखाद वेळी जमतं, पण २५० वर ती काच दगा देते. कडांना जांभळी-हिरवी झालर येते, कोपरे पार विरघळतात. एकाच भिंगाची काच असल्यामुळे सगळे रंग एका जागी जुळत नाहीत, आणि लेन्स जितकी लांब तितका हा दोष उठून दिसतो. लेन्सचं छिद्र बारीक करून एफ ११ वर नेलं की झालर कमी होते, जात नाही. +२ लाही थोडी येते, एफ ८ नंतर डोळ्याला खुपत नाही. कोणतीच काच फारसा प्रकाश खात नाही, ही या वस्तूची मोठी जमेची बाजू.

झालरीचं एवढं कशाला मनावर घ्यायचं, असं वाटेल. निळ्या टाचण्यांपुढे बसलात की कळेल. स्यूडाग्रिऑन रुब्रिसेप्सचा प्रश्न नसतो, नराचं तोंडच केशरी असतं, लांबूनही दिसतं. पण त्याच वंशातले मायक्रोसेफॅलम, मलबारिकम आणि ऑस्ट्रेलेशी यांचे नर सगळे सारखेच निळे-काळे. त्यांची खात्रीची ओळख शेपटीच्या टोकाला, मादीला धरायचे जे चिमटे असतात त्यांच्या आकारावरून पटते. ते चिमटे मिलिमीटरभराचे, आणि एक बाजूनं, एक वरून, असे दोन्ही फोटो हवेत. नेमकी तिथेच जांभळी झालर आली तर काळं कुठे संपलं तेच कळत नाही. शेपटी धूसर असलेल्या फोटोखाली कुणी ठासून 'मायक्रोसेफॅलम' लिहिलं असेल तर मी तो अंदाज समजतो. फोटोवरून जात सुचवणाऱ्या ॲपनं वर दाखवलेलं पहिलं नावही तसंच. ॲपला चिमटे दिसत नसले तरी नाव सुचवायला त्याला अडचण येत नाही.

सगळीकडे शेपटीच लागते असंही नाही. इश्नुरा वंशाच्या दोन टाचण्या आपल्याकडे गवतात नेहमी दिसतात. दोघींच्या नरांना टोकाजवळ निळा पट्टा असतो, पण रुबिलिओचं पोट पिवळं आणि सेनेगलेन्सिसचं वरून काळं. त्याला कोणतीही काच लागत नाही. माद्यांचं मात्र विचारू नका, त्या एकाच जातीत वेगवेगळ्या रंगांच्या निघतात.

चतुरांसाठी डबी बहुतेक वेळा पिशवीतच राहते. लाल चतुर घ्या. क्रोकोथेमिस सर्व्हिलिया डोळ्यांपासून पायांपर्यंत लाल. ट्रिथेमिस ऑरोरा गुलाबीकडे झुकणारा, पाय काळे, पंखांच्या शिराही लाल आणि पंखांच्या बुडाशी मधाच्या रंगाचा मोठा डाग. ऑर्थेट्रम प्रुइनोसमचं पोट लाल, पण धड निळसर-काळपट. हे तिन्ही मीटर-दीड मीटरवरून नुसत्या २५० नं वेगळे ओळखता येतात, फक्त फोटो बाजूनं हवा, पाय दिसायला हवेत. बाजूनं काढण्याचा आणखी एक फायदा असा की पोटाच्या दुसऱ्या खंडाखाली फुगीर गाठ दिसली तर नर, हे तिथल्या तिथे कळतं. समोरून काढलेले मोठ्या डोळ्यांचे फोटो लोकांना आवडतात, पण नाव विचारायला आणू नयेत. त्याला अपवाद गोम्फिडी कुळाचा. इक्टिनोगोम्फस रॅपॅक्स पाण्याकाठच्या वाळक्या काटकीच्या शेंड्यावर बसतो, आणि त्याचे दोन डोळे एकमेकांना चिकटलेले नसतात. तिथे समोरचा फोटोच कामाला येतो.

चतुरांत +२ कामाला आली ती क्वार्टरच्या भिंतीवर. ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा दगड, सिमेंट, भिंत यांवर असा चिकटून बसतो की हलला तरच दिसतो. सिमेंटच्या टाकीतल्या साचलेल्या पाण्यातही त्याची पिलावळ वाढते, त्यामुळे तो आमच्या वस्तीचाच रहिवासी. त्याच्या पंखांच्या टोकाजवळचा ठिपका मधे काळा आणि दोन्ही कडांना पांढरा असतो. हा दुरंगी ठिपका अर्ध्या मीटरवरून स्वच्छ येतो.

उन्हाळ्याचा एक फायदा सांगतो, जो बाहेरच्या माणसाला पटायचा नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा ट्रिथेमिससारखे चतुर शेपटी सूर्याकडे उभी धरून बसतात, अंगावर ऊन कमी पडावं म्हणून. त्या वेळी शेपटीचं टोक गवतात लपत नाही, मोकळ्या आभाळावर येतं. एरवी जो कोन मिळवायला तासभर जातो तो आयता मिळतो. डोक्याला उपरणं आणि पाण्याची बाटली हवीच. पण उन्हातच काचेचा दुसरा दोष कळतो: तिच्यावर चमक अडवणारा लेप नाही. सूर्य जरा समोर आला की चित्र पांढुरकं होतं. लेन्सचं हूड काचेवर बसत नाही, मी टोपीनं आडोसा करतो.

पावसाळा सरता सरता शेताडावर, मैदानावर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे फिरतात, ते पॅन्टाला फ्लावेसेन्स. चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं की हे चतुर भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. त्यांच्यासाठी ही डबी घेऊ नका. ते बसतच नाहीत, आणि बसले तर उंच फांदीला लोंबकळतात. दोन्ही पंख पसरले की अंतर आठ सेंटिमीटरच्या आसपास भरतं, +२ च्या चौकटीत मावतही नाहीत.

बांधणीबद्दल थोडक्यात: आट्या जाड्याभरड्या आहेत, मातीचा कण अडकला की काच रुतते. ओढाताण करू नये, रबरी हातमोजा घालून सैल फिरवली की निघते. काचांवर बोटांचे ठसे फार उठतात. कापडी खण असलेली पाकिटं मात्र चांगली दिली आहेत, त्यात धूळ शिरत नाही.

ऑटोफोकस बंद ठेवायचा. फोकस एकदा लावून ठेवायचा आणि आपण अंग पुढे-मागे झुलवत टाचणी स्पष्ट होईल तिथे बटण दाबायचं. कॅमेरा टाचणीच्या अंगाला समांतर असेल तरच डोळा आणि शेपटी दोन्ही फोटोत उतरतात, थोडा तिरका झाला तर दोन्हीपैकी एक जातं. हे साधायला दोन-तीन सकाळी द्याव्या लागतात.

ज्यांना फक्त चतुर बघायचेत, त्यांनी पैसे वाचवावेत. टाचण्यांच्या मागे लागलात तर घ्या. पुढे दोन भिंगं चिकटवून केलेला ॲक्रोमॅट घेता आला तर उत्तमच, त्याची झालर फारच कमी, पण किंमत या डबीच्या कित्येक पट. आणि दुकानात जाण्याआधी आपल्या लेन्सच्या झाकणाच्या आत बघून घ्या, ५८ आहे की ५२. डबी एकदा फोडली की बदलून मिळत नाही.