रोटरी कटर, मॅट आणि पट्टीचा सेट: बटव्यांना झकास, गोधडीला कात्रीच बरी

आधीच निकाल सांगून टाकते म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. घरच्या घरी बटवे, कोस्टर, दुपटी, चष्म्याची कव्हरं, रुखवताचे टेबलमॅट असल्यांसाठी एकाच मापाचं भरपूर कापड कापायचं असेल तर हा सेट घ्या, मागे बघू नका. पण आईच्या, आजीच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवायची म्हणून घेत असाल तर पैसे वाचवा आणि घरातल्या कात्रीला धार लावून आणा. आणि घेणारच असाल तर ए३ मॅटचा स्वस्तातला सेट नको, ए२ चाच घ्या, का ते पुढे येतंच आहे.

सेटमध्ये तीन गोष्टी येतात. ४५ मिमीचं गोल, फिरतं पातं असलेला कटर, कापडाखाली ठेवायची हिरवी मॅट आणि जाड पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी. ऑनलाइन हाच सेट आठ-दहा वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे आणि फोटो बघितले तर माल सगळीकडे एकाच साच्यातून काढलेला वाटतो, त्यामुळे कुठला घेतला ते सांगून फार उपयोग नाही. दीड हजाराच्या आसपास पडतो, सेल असला की खाली येतो. घरी आल्याबरोबर सगळ्यांनी पिझ्झा कटर म्हणून हातात घेऊन बघितला, तेव्हा पहिलं काम म्हणजे घरातल्यांना, विशेषतः पोरांना, बजावून ठेवा की याचं पातं ब्लेडच्या वरताण असतं आणि काप झाला की प्रत्येक वेळी ते आत सरकवायचं, प्रत्येक वेळी म्हणजे प्रत्येक वेळी, फोन वाजला तरी आधी पातं आत आणि मग फोन.

हे प्रकरण मूळचं जपानी. ओसाकाच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये पहिला रोटरी कटर काढला, तो कपडे बेतणाऱ्यांसाठी, पण डोक्यावर घेतला तो क्विल्ट, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेल्या रजया, करणाऱ्या बायकांनी. कारण क्विल्टमध्ये निम्मं काम कापण्याचंच असतं, शिवणं त्या मानाने सोपं.

आता बटव्यांचं सांगते कारण मी मुळात त्यासाठीच घेतला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीतरी आपल्याकडे हळदीकुंकू असतंच, आणि वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे देऊन देऊन कंटाळा आलेला असतो, म्हणून नाडीचे छोटे बटवे. आधी पद्धत अशी होती की पुठ्ठ्याचा चौकोन करायचा, खडूने कापडावर आखायचं, मग कात्रीने एकेक कापत बसायचं, अंगठ्याला घट्टा आणि शेवटचे चौकोन पहिल्यांपेक्षा हमखास मोठे, कारण खडूची रेघ जाड होत जाते आणि आपण तिच्या बाहेरून कापायला लागतो.

कटरने हिशोब असा बसतो. सुती कापडाचा पन्हा ४४ इंच धरा. मधोमध घडी घातली की २२ इंच. ए२ मॅट २४ इंच लांब असते, म्हणजे घडी घातलेलं कापड आख्खं मॅटवर मावतं आणि २४ इंची पट्टीने एका झटक्यात आरपार काप घेता येतो. मीटरभर कापडातून ७ इंच रुंदीच्या पाच पट्ट्या निघतात, वर चार इंच उरतात ते कडा सरळ करण्यात जातात आणि उरलंसुरलं नाडीला. प्रत्येक पट्टीचे ७ इंचाचे सहा चौकोन. म्हणजे मीटरमागे तीस चौकोन, एका बटव्याला दोन, तर पंधरा बटवे. तेवढंच अस्तर. तीस बायका यायच्या असतील तर दोन मीटर कापड, दोन मीटर अस्तर, संपलं. पट्ट्या दोन-दोन एकावर एक ठेवून कापल्या तर एका वेळी चार थर कापले जातात, साध्या कॉटनचे चार थर हे पातं सहज घेतं, त्याच्यापुढे जायचा मोह नको, खालचा थर सरकतो आणि चौकोनाचा पतंग होतो.

ए३ मॅटचा घोळ इथेच आहे. ती जेमतेम १८ इंच, म्हणजे कापडाची चौघडी घालावी लागते, आणि घडी जराशी जरी तिरकी बसली तरी कापलेली कापडाची पट्टी उलगडल्यावर सरळ न निघता घडीच्या जागी वाकलेली निघते, चौघडीत अशी तीन वाकणं. दुकानातला पोरगा घडी किनारीला किनार लावून घालतो म्हणून ती सरळ असेल असं समजू नका. कापड धुवून, आटवून, इस्त्री करून हातात लोंबतं धरायचं आणि खाली घडीला पीळ किंवा झोळ दिसायचा बंद होईपर्यंत किनार सरकवायची, मग मॅटवर.

आता पट्टी. खरं सांगायचं तर सेटची किंमत तिच्यातच वसूल आहे, कटर काय, बदलता येतो. जाडी चांगली तीन मिलिमीटर आहे, ती महत्त्वाची, कारण पातळ शाळेच्या पट्टीवर हे पातं चढतं आणि पट्टीच्या पलीकडे आपली बोटं असतात. पाव इंचाच्या रेघा आहेत, पाव इंच म्हणजे जोडकामातलं शिलाईमार्जिन, त्यामुळे डोक्याला ताप कमी. बाळंतविड्यात द्यायला तुकड्यांचं दुपटं करायचं असेल तर ५ इंचाचे चौकोन कापा, शिवून साडेचार होतात, आठ बाय आठ लावले की ३६ इंच, पोराला गुंडाळायला छान. इथे अचूकपणाची गंमत कळते. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढी चूक आपण मशीनवर बसलो की कुणी मोजतही नाही, पण ओळीत आठ चौकोन असले आणि प्रत्येक चौकोन सुतभर मोठा असला की ओळ इंचभर लांब होते आणि मग कोपऱ्याला कोपरा जुळवायला ओढाताण. पट्टीने कापलेले चौकोन एकावर एक ठेवले की कडा भिंतीसारख्या सरळ, शिवताना टाचण्यासुद्धा कमी लागतात.

तक्रार पण पट्टीचीच आहे. आकडे वरच्या बाजूने छापलेत, आत कोरलेले नाहीत, त्यामुळे जिथे बोटं ठेवतो तिथले पुसट व्हायला लागलेत. वर पारदर्शक टेप लावून टाकलीये. आणि खालून गुळगुळीत आहे, कापडावर घसरते, तर हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणा, त्याच्या नखाएवढ्या चकत्या चारी कोपऱ्यांना चिकटवा, मग हलत नाही. करंगळी पट्टीच्या बाहेर, पात्याच्या उलट बाजूला, कापडावर टेकवायची, बाकीची बोटं पट्टीवर, उभं राहून कापायचं, बसून नाही, आणि कटर कायम आपल्यापासून लांब न्यायचा. पाठीचा आणि बोटांचा दोन्हीचा फायदा. स्वयंपाकाचा ओटा या कामाला बऱ्यापैकी उंचीचा असतो, जेवणाच्या टेबलावर वाकावं लागतं.

पात्याबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. टाचणीवरून एकदा जरी गेलं तरी धारेला खाच पडते, आणि मग काप घेतला की सगळं कापड कापलं जातं पण मध्येच एखादा धागा शिल्लक राहतो, पुढे थोड्या अंतरावर परत एक, परत एक. ते अंतर मोजून बघा, साडेपाच इंच येईल, कारण ४५ मिमीच्या पात्याचा परीघ साधारण १४ सेंटिमीटर असतो आणि प्रत्येक फेरीला खाच एकदा खाली येते. असं ठरावीक अंतराने धागे राहायला लागले तर समजा खाच आहे, पातं बदला. सरसकट सगळीकडेच दाबून कापावं लागत असेल तर धार गेलीये किंवा मधला स्क्रू जास्त आवळलाय. सेटबरोबर आलेलं पातं ठीकठाक आहे, फार दिवस पुरत नाही, फायबर शीट आणि फ्यूजिंग (कापडाला मागून इस्त्रीने चिकटवायचं अस्तर) कापलं की लवकरच बोथट होतं, त्यासाठी एक जुनं पातं वेगळं ठेवते.

कात्रीचं तसं नाही. माझ्याकडे मेरठची जड लोखंडी कात्री आहे, मेरठच्या कात्र्यांना २०१३ मध्ये जीआय टॅगही (भौगोलिक मानांकन) मिळाला, ती धार लावून लावून माझ्या पोरीपर्यंत जाईल. हे गोल पातं मात्र धारवाल्याला दाखवलं तर तो नुसता हसला. फेकायचंच. आणि फेकताना तसंच कचऱ्यात टाकू नका हो, कचरा गोळा करणाऱ्या ताई हाताने वेगळं करतात, औषधाच्या रिकाम्या डबीत घाला, टेप गुंडाळा आणि वर तसं लिहा.

आता गोधडी. इथे माझं मत जरा कडक आहे. जुनी धुऊन धुऊन मऊ झालेली साडी चाकापुढे लाटेसारखी पुढे सरकत जाते, कापली जात नाही, खळ घालून कडक इस्त्री केली तर कापली जाते पण मग एवढा उपद्व्याप कशासाठी? आपल्या गोधडीत मुळात कापायचं असतंच किती. नऊवारीच्या चार घड्या घातल्या की लांबीला दोन मीटर आणि चार थर, एका माणसाचं पांघरूण एका साडीत झालं, वरचे तुकडे नजरेने मांडायचे आणि कडेने धावदोरा घालत आत जायचं. कोल्हापूरकडची वाकळ बघा किंवा कर्नाटकातल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या, बायकांची कवंद ही गोधडी बघा, त्या कडेपासून शिवत शिवत मध्याकडे येतात, तुकड्याची कड तिथल्या तिथे आत दुमडत जातात आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. त्यात पाव इंचाचं मार्जिन कुठे बसवणार.

माझ्या सासूबाईंनी मला मॅटवर साडी सरळ करत बसलेलं बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, सुती आहे ना ती? मग फाड की." कात्रीने जराशी चीर दिली आणि टर्रकन आडवी फाडली, किनारीपासून किनारीपर्यंत धाग्यात सरळ, मॅट नको की पट्टी नको. कापडवाले पण तेच करतात की. फाडलेल्या कडेचे सुते निघतात आणि कड थोडी ताणली जाते, पण गोधडीत ते आतच जाणार. खणाला, जॉर्जेटला, सिंथेटिकला हे चालत नाही, आणि छापील कापड जर तिरकं छापलेलं असेल तर फाडल्यावर नक्षी उतरलेली दिसते, तिथे कटरच.

खणाचा विषय निघालाच आहे तर. खणाचे बटवे आणि तोरणं सध्या सगळ्यांनाच हवी असतात, पण खण कापल्याबरोबर उसवायला लागतो. आधी मागून पातळ फ्यूजिंग इस्त्रीने चिकटवा आणि मग कटरने कापा, कड अगदी स्वच्छ येते. हे कात्रीने तितकं छान होत नाही, हे मान्य करावं लागेल.

मॅट चांगली आहे, काप घेतले तरी चरे बुजतात, फक्त एकाच रेघेवर रोज कापू नका, तिथे खड्डा पडतो. मॅटवर इस्त्री अजिबात नको, गरम चहाचा कपही नको, उन्हात गॅलरीत नको, एकदा वाकली की वाकली. मला आलेली मॅट कुरिअरवाल्यांनी गुंडाळी करून पाठवली होती, विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की ठेवा काही दिवस सपाट होईल, गादीखाली ठेवून झाली बऱ्यापैकी, एक कोपरा अजून वर आहे. दुकानात जाऊन हाताने बघून घेता आली तर तेच करा.

मॅटवरच्या रेघा एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर आहेत. मी मोजायला मॅटच्या रेघा वापरतच नाही, पट्टीच्याच वापरते, कारण मॅट आणि पट्टी वेगवेगळ्या ठिकाणी छापलेली असते आणि माझ्याकडे तरी दोन्हीच्या इंचात २४ इंचाला केसभर फरक येतो. कुठलं तरी एकच धरा.

डावखुऱ्यांनी घेण्याआधी पातं दुसऱ्या बाजूने लावता येतं का ते बघावं, या सेटमध्ये येतं, स्क्रू काढून उलटं बसवायचं.

पाचपैकी चार देते, एक कापला तो पुसट आकड्यांचा आणि वाकड्या कोपऱ्याचा मिळून. सुटी पाती घेताना ४५ मिमी एवढंच बघू नका, मधलं भोक आपल्या कटरच्या स्क्रूला बसतंय का तेही बघा. आणि पुण्यात रविवार पेठेत किंवा लक्ष्मी रोडच्या आसपास कुणाला चांगली पाती सुटी मिळाली असतील तर दुकान सांगा, दहाचं पाकीट ऑनलाइन मागवायचं जिवावर येतंय.