निपाणीचे एकपात्री कलाकार: आमच्या वाचनालयाचा अनुभव

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी वाचनालयाचा वर्धापनदिन मारुतीच्या देवळासमोर होतो. दरवर्षी व्याख्यान असतं. यंदा बायकांनीच हट्ट धरला, भाताची मळणी उरकलीय, आता माणसांना जरा हसू दे. म्हणून या एकपात्री कलाकारांना निपाणीहून बोलावलं. मानधन 15 हजार, गाडीभाडं वेगळं. दीड तासाचा कार्यक्रम पावणेदोन तास चालला आणि लहान पोरं सोडली तर कुणी जागचं हललं नाही.

सीमाभागातल्या प्रेक्षकाला कुणी साधं समजू नये. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा या गावांत साहित्य संमेलनं भरतात, तिथं कथाकथन ऐकून लोकांचे कान तयार झालेत. पु. ल. देशपांडे बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, त्यांनी ज्यांचं व्यक्तिचित्र लिहिलं ते रावसाहेबही बेळगावचेच. अशा मुलखात मोबाईलवरचे शिळे विनोद खपत नाहीत. यांनी तसा एकही सांगितला नाही.

सगळ्यात रंगला तो बसस्टँडचा प्रसंग. पाट्या कन्नडमध्ये, म्हातारीला वाचता येत नाही, काखेत कोंबडी. प्रत्येक बसपाशी जाऊन ती विचारते, “ही खानापूरला जातीया काय रं बाबा?” कंडक्टर कन्नडमधून ओरडतो, ती मराठीतून भांडते, आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं कळतं. शेवटी तोच कोंबडी धरतो आणि म्हातारीला पायरीवर चढवतो. रंगमंचावर ना लुगडं, ना टोपी. डावा कोपर अंगाशी असा दाबलेला, की कोंबडीची फडफड दिसावी. कंडक्टर बोलायला लागला की तोच हात सैल होऊन तिकिटांच्या पिशवीवर जायचा. पुढच्या रांगेत गावातली कन्नड मंडळी होती, तीसुद्धा पोट धरून हसली. 1956 साली आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून भाषेचं दुखणं इथं घराघरात आहे. त्यावर बोलायचं आणि कुणाच्या वर्मी लागू द्यायचं नाही, याला छाती लागते.

सुरुवातीला कट्ट्यावरच्या पोरांनी हुर्यो केली होती. माईकही खरखरत होता. हे बोलायचे थांबले आणि पोरांकडे बघत नुसते उभे राहिले. चेहऱ्यावर राग नाही, पोरांना चिमटाही काढला नाही. गलका ओसरल्यावर म्हणाले, “एक जण वर या, माईकची वायर जरा धरा.” एक पोरगा खरंच आला, आणि शेवटपर्यंत वायर धरून बसला.

रात्री आमच्याकडे जेवायला होते. भाकरी मोडता मोडता मी विचारलं, अशा वेळी भीती वाटत नाही का? तेव्हा त्यांनी चार्ली चॅप्लिनची गोष्ट सांगितली. 1894 साल, इंग्लंडमधल्या ऑल्डरशॉटचं थिएटर, समोर बहुतेक सैनिक. गाता गाता आईचा आवाज फुटला, लोक ओरडायला लागले, तेव्हा तिच्या जागी पाच वर्षांच्या चार्लीला उभं केलं. लोकांनी नाणी फेकली. पोरानं गाणं थांबवून सांगितलं, आधी पैसे गोळा करतो, मग गातो. हशा पिकला. पुढं त्यानं आईचा फुटलेला आवाजही काढून दाखवला, त्यालाही लोक हसले. “ताई, हुर्यो करणारेही तेच आणि हसणारेही तेच,” ते म्हणाले. “मग त्यांना भ्यायचं कशाला? पण त्या आईचं काय झालं असेल, ते मी दर प्रयोगाच्या आधी आठवतो.”

त्यांची स्वतःची आई विड्या वळायची. सोबतच्या बायका वळता वळता सासवांच्या नकला करायच्या, तीच यांची शाळा. म्हणून बायकोवर, कुणाच्या रंगावर, जाडीवर किंवा तोतरेपणावर विनोद नाही. ज्याला उठून उत्तर देता येत नाही त्याच्यावर हसायचं नाही, हा त्यांचा नियम, आणि कार्यक्रमात तो एकदाही मोडला नाही. घरच्यांबद्दल विचारलं तर इतकंच म्हणाले, सणावाराला मी कधीच घरी नसतो, सण हाच आमचा हंगाम. मला ते फार लागलं.

पुढाऱ्यांच्या नकलांचा भाग मात्र ओढून ताणून वाटला. आवाज हुबेहूब, पण बोलणं ऐकलेलंच. मधली रेकॉर्डवरची गाणीही गाळावीत, त्यांना गाण्यांची गरज नाही.

बोलावणार असाल तर गणपतीसाठी खूप आधी तारीख घ्या. दोन माईक ठेवा, खुर्च्या रंगमंचाच्या अगदी जवळ लावा, त्यांचं अर्धं काम चेहऱ्यावर चालतं. सत्कार, प्रास्ताविक, आभार सगळं आधी उरकून घ्या. हळदीला किंवा जेवणाच्या पंगतीत त्यांना उभं करू नका. आम्ही पुढच्या वर्षीची तारीख त्याच रात्री घेतली.