ग्रेट ऑर्मची खाण: पोरांची मज्जा, माझ्या कंबरेची वाट

लेकीच्या शाळेच्या ट्रिपला हेल्पर म्हणून गेले होते. वेल्समधल्या लँडिडनोची ही तांब्याची खाण कांस्ययुगातली, आणि तिचे प्राचीन बोगदे उजेडात आले कधी तर १९८७ ला, तेही कार पार्कच्या कामामुळे! बोगदे इतके अरुंद की पोरं सुळकन पुढे आणि मी वाकून वाकून बेजार, हेल्मेट दहा वेळा तरी आपटलं. दगडी हातोडे आणि जनावरांची हाडं, एवढ्यावर खोदलंय हो हे सगळं! काही फटी एवढ्याशा की तिथे लहान मुलंच शिरत असणार, हे ऐकल्यावर आमची बडबडी गँग एकदम चिडीचूप. हिरवट मॅलकाइट, म्हणजे तांब्याचं खनिज, नक्की बघा. आत गारठा, जमीन ओली, मी आपली सपाट चपलांत, चूक माझीच. गुडघे कुरकुरत असतील तर वरूनच बघा.