ट्रान्स्फर केस बदलून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा: ओंटारियोतला माझा अनुभव

ऑक्टोबर लागला की कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात, आमच्या बॅरी शहराच्या परिसरात एक ठरावीक जाहिरात फिरायला लागते. 'तुमच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह ट्रकची ट्रान्स्फर केस बदलून देतो, बर्फात गाडी कुठेही अडणार नाही.' ट्रान्स्फर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागची ती पेटी, जी इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटते. पुण्या-नाशकाहून नव्याने आलेली आपली अनेक मुलं पहिल्या हिवाळ्याच्या धास्तीने जुने मोठे ट्रक घेतात आणि ही जाहिरात त्यांच्यापर्यंत पोचतेच. याच कामात माझी साडेतीन हजार डॉलरची फसवणूक झाली. ती कशी झाली हे तपशिलात सांगतो, कारण यातला प्रत्येक प्रकार गाडीखाली, आपल्या नजरेआड चालतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. केस बदलणं हे काम खोटं नाही. माझी गाडी २००४ची जीएमसी कंपनीची युकॉन डेनाली. तिच्यात कंपनीकडून येते ती १४९ नंबरची ट्रान्स्फर केस. तिला बटण नाही. इंजिनाचा जोर ती पुढे ३८ आणि मागे ६२ टक्के असा कायम वाटत राहते. एखादं चाक घसरायला लागलं की आतला व्हिस्कस कपलिंग नावाचा भाग पुढचा-मागचा वेग सारखा ठेवायला बघतो. त्यात दाट सिलिकॉन तेलात बुडालेल्या चकत्या असतात. हे कपलिंग मेलं की सगळा जोर घसरणाऱ्या चाकाकडे वाहून जातो आणि चढावर गाडी जागच्या जागी चाक फिरवत बसते. म्हणून लोक त्याच काळातल्या शेव्हरोलेच्या टाहो, सिल्व्हराडो वगैरे गाड्यांत येणारी २४६ नंबरची केस बसवतात. तिला बटणं असतात: टू हाय (फक्त मागची चाकं), ऑटो (गरज पडली की पुढचीही), फोर हाय (चारही चाकं), फोर लो (चारही चाकं, कमी वेगात जास्त जोर). फोर हायमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जोर नेणारे शाफ्ट एकमेकांना बांधले जातात आणि फोर लोला २.७२ पट जोर मिळतो. त्यासाठी बटणांचा पॅनेल, कंट्रोल मॉड्यूल, केसवरची मोटर, वायरिंग हे सगळं लागतं. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दात २७ आहेत की ३२ हेही जुळावं लागतं. हे सगळं नीट केलं तर काम छान होतं, मी तशा गाड्या पाहिल्या आहेत.

त्या जाहिरातीतल्या गॅरेजवाल्याने माझी गाडी लिफ्टवर घेतली, पुढचा शाफ्ट हाताने हलवला आणि 'कपलिंग गेलं' असं सांगून टाकलं. ही तपासणी नव्हे. खरी तपासणी अशी असते: गिअर न्यूट्रलला ठेवायचा, मागची चाकं जमिनीवर ब्रेक लावून पक्की, पुढचं एकच चाक उचलायचं आणि लांब दांडा लावून ते फिरवायचं. जड, हळूहळू फिरलं तर कपलिंग जिवंत आहे. सहज गरगर फिरलं तर मेलं. यात फार वेळ जात नाही. माझ्यासमोर असं काही झालं नाही, आणि जुनी केस नंतर मला कधी बघायलाच मिळाली नाही, त्यामुळे ती खरंच बिघडली होती का हे आता कोणीच सांगू शकत नाही.

बसवायची म्हणून त्याने फोनवर एका चकचकीत २४६ केसचा फोटो पाठवला. मागच्या अर्ध्या भागावर गोल धातूचा बिल्ला असतो, त्यावर मॉडेल नंबर, फोर लोचं प्रमाण आणि बनावटीची तारीख कोरलेली असते. फोटोत तो बिल्ला स्वच्छ दिसत होता. इस्टिमेटवर लिहिलं होतं 'रीकंडिशन्ड', म्हणजे जुनाच पण दुरुस्त करून नव्यासारखा केलेला भाग. जुने भाग परत हवेत असं मी वर्क ऑर्डरवर स्वतः लिहून सही केली होती. गाडी घ्यायला गेलो तेव्हा उत्तर आलं, 'तुमची जुनी केस पुरवठादाराकडे गेली, तसाच नियम आहे.' ओंटारियोच्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार काढलेले भाग गिऱ्हाइकाला परत देणं बंधनकारक आहे. जुना भाग ठेवून घेऊन त्या बदल्यात किंमत कमी केली असेल तर गोष्ट वेगळी. माझ्या बिलात तशी एक डॉलरचीही सूट नव्हती. तिथेच आमची बाचाबाची झाली, पण गाडी त्याच्या ताब्यात, पैसे कार्डावरून आधीच कापलेले.

जानेवारीत सडबरीला जाताना, पॅरी साउंडच्या पुढे, हायवे ६९वर गाडीखालून आधी करवत चालवल्यासारखा आवाज आला आणि मग धाडकन केसमधली, पुढच्या चाकांकडे जोर नेणारी साखळी तुटली. बाहेर वजा वीसच्या खाली तापमान, गाडीत माझे सासरे. टो ट्रक येईपर्यंत त्यांचे हात चोळत बसलो होतो. तो राग माझा आजही गेलेला नाही.

सडबरीच्या मेकॅनिकने केस उतरवली आणि मला बोलावून दाखवली. मागच्या भागावर बिल्लाच नव्हता, उपटून काढलेली जागा तेवढी होती. वरून रुपेरी रंग मारलेला. तो खरवडल्यावर एपॉक्सीने बुजवलेलं एक भोक दिसलं. या जातीच्या केसमध्ये हा जुना, सगळ्या मेकॅनिकांना ठाऊक असलेला आजार आहे. त्याला ते 'पंप रब' म्हणतात. आतला तेलाचा पंप ज्या छोट्या कानांवर अडकवलेला असतो ते कान वर्षानुवर्षं हलत राहून मॅग्नेशियमच्या पातळ भिंतीला घासतात आणि शेवटी तिला भोक पाडतात. भोक वरच्या बाजूला पडतं, त्यामुळे गाडी उभी असताना तेल गळत नाही, चालताना उडून जातं. खाली डाग पडत नाही आणि मालकाला काही कळत नाही. तेल संपलं की साखळी आणि बेअरिंग जळतात. यावरचा खरा इलाज म्हणजे मागची अर्धी केस नवी घालणं आणि पंपाला घासणार नाही अशी क्लिप बसवणं. म्हणजे काही शेकड्यांत मिळणारी भंगारातली केस भोक लिंपून, रंगवून मला रीकंडिशन्ड म्हणून विकली होती.

फोन केल्यावर गॅरेजवाला म्हणाला, 'ती केस वापरलेली होती, वापरलेल्या मालाला वॉरंटी नसते.' हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पळवाट इथेच आहे. इथल्या कायद्यात नव्या आणि रीकंडिशन्ड भागांना, आणि ते बसवण्याच्या मजुरीलाही, किमान ९० दिवस किंवा ५,००० किलोमीटर यांतलं जे आधी येईल तोवर आपोआप वॉरंटी असते. वापरलेल्या भागाला ही हमी लागू नाही. म्हणून भाग नवा, वापरलेला की रीकंडिशन्ड हे इस्टिमेटवर आणि बिलावर लिहिलेलं हवंच. माझ्या दोन्ही कागदांवर 'रीकंडिशन्ड' होतं आणि मी मुदतीच्या आत होतो. गाडी चालवण्याजोगी राहिली नसेल आणि पहिल्या गॅरेजकडे नेणं शक्य नसेल तर जवळच्या दुसऱ्या गॅरेजात दुरुस्त करून पहिल्या कामाची मूळ किंमत आणि गाडी टो करण्याचे वाजवी पैसे पहिल्याकडून मागता येतात, हेही त्याच कायद्यात आहे. तुटलेले भाग मात्र जपून ठेवा, पहिला गॅरेजवाला ते मागू शकतो.

सडबरीच्या मेकॅनिककडून सही-शिक्क्याचा लेखी अहवाल घेतला, भोकाचे आणि बिल्ल्याच्या जागेचे फोटो, त्याने पाठवलेला मूळ फोटो, वर्क ऑर्डर असं सगळं जोडून रजिस्टर पत्र पाठवलं आणि कार्ड कंपनीकडे तक्रार केली. प्रांताच्या ग्राहक संरक्षण विभागाकडेही अर्ज दिला. केसचे पैसे परत आले. मजुरीचे आले नाहीत, आणि माझी मूळ १४९ तर गेलीच. ती कोणाला तरी विकली गेली असणार, माझी तशी खात्री आहे.

आणखी एक गोष्ट, जी त्या गॅरेजमध्ये कोणी बोललं नाही आणि सडबरीत पहिल्यांदा विचारली गेली: टायर कोणते? केस कुठलीही असो, ब्रेक मारल्यावर गाडी थांबवतात ते टायर. पारा ७ अंशांच्या खाली गेला की साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले चार हिवाळी टायर हा पहिला खर्च, केस त्यानंतर. ओंटारियोत २०१६पासून विमा कंपन्यांना हिवाळी टायरवर सवलत द्यावीच लागते, तीही मागून घ्या.

ज्यांनी केस आधीच बदलून घेतली आहे त्यांनी या आठवड्यात गाडीखाली वाकून बिल्ला आहे का आणि नुसता मागचाच भाग ताजा रंगवलेला आहे का ते बघावं. गाडी सपाट जागी उभी करून केसचा वरचा बोल्ट काढायला सांगा. तेल त्या बोल्टच्या भोकाच्या काठापर्यंत हवं. खाली असेल तर गाडी पुढे चालवू नका आणि बिलावरची तारीख लगेच तपासा, ९० दिवस लवकर संपतात.